फरशीखालची ऊब

जानेवारीतल्या एका दुपारी बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये निजायच्या खोलीतली फरशी उखडली. चार दिवस पावसाची रिपरिप चालली होती, हवेत सिंगापूरच्या मानाने गारवा होता. सरोजिनी स्वयंपाकघरात मुगाची डाळ धूत होती. आधी पातेलं आपटावं तसा एक आवाज झाला, मग पाठोपाठ तीनचार. तिला वाटलं, चंद्रशेखर पडला. डाळीने भरलेले हात तसेच घेऊन ती धावली.

तो पडला नव्हता. पलंगाच्या कडेला बसून तो जमिनीकडे बघत होता. खिडकीपासून कपाटापर्यंत फरश्यांची अख्खी ओळ मधोमध उचलली गेली होती, दोन्ही बाजूंनी एकमेकींना टेकून उभी राहिली होती. एकदोन फरश्यांचे टवके उडून पार दारापाशी आले होते.

"सरोज," तो म्हणाला, "खाली बर्फ धरलाय."

 नवव्या मजल्यावरचा फ्लॅट. फरशीखाली काँक्रीट, आणि त्याच्याखाली आठव्या मजल्यावरच्या मिस्टर लिमचं छत. बर्फ कुठून येणार? दोन वर्षांपूर्वी स्ट्रोक आला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं की बुद्धीला धक्का लागलेला नाही. आता तेही सुरू झालं की काय, असं तिच्या मनात येऊन गेलं.

चंद्रशेखर कारखानीस दादरहून १९८७ साली सिंगापूरला आला तो कोल्ड स्टोरेजचा इंजिनिअर म्हणून. बंदराजवळच्या मोठमोठ्या गोदामांत मासळी, मटण, आइस्क्रीम ठेवायच्या खोल्या त्याने बांधल्या. उणे पंचवीस अंशांच्या खोल्या. तिथून तो घरी यायचा तेव्हा त्याच्या कपड्यांना एक वेगळाच कोरडा वास असायचा, आणि बाहेरच्या उकाड्यात त्याच्या चष्म्यावर धुकं धरायचं. छोटी अवनी त्या चष्म्यावर बोटाने चित्रं काढायची. पुढे ते इथलेच झाले. फ्लॅट घेतला, अवनी इथेच शिकली, लग्न करून पुंगोलला राहायला गेली. चंद्रशेखर बासष्टाव्या वर्षी निवृत्त झाला आणि दोनच वर्षांनी, एका सकाळी दाढी करताना, त्याची डावी बाजू गेली.

हात बराचसा गेला तो गेलाच. पाय फरफटत का होईना चालू लागला. पण त्या पायाबरोबर एक थंडी आली. डाव्या पायाच्या बोटांपासून मांडीपर्यंत आणि डाव्या हाताच्या पंजात त्याला सतत बर्फात बुडवल्यासारखं वाटायचं. साधी थंडी नव्हे, भाजणारी थंडी. बाहेर तेहतीस अंश तापमान असताना तो लोकरीचे मोजे, त्यावर दुसरे मोजे आणि मांडीवर ब्लँकेट घेऊन बसायचा. घरातले पंखे बंद झाले. खिडक्या बंद झाल्या. सरोजिनीच्या पाठीवर घामोळं उठलं, ते जाईना.

त्याला वाटायचं, कुठूनतरी वारा येतो. तो सरोजिनीला खिडक्यांच्या फटी तपासायला लावायचा. तिने फटींत कागद कोंबले, चिकटपट्ट्या लावल्या. तरी तो म्हणायचा, तू एखादी खिडकी उघडी ठेवतेस. एकदा ती खरंच पाच मिनिटं स्वयंपाकघरातल्या खिडकीशी उभी राहिली होती. तेव्हा तो दारातून ओरडला होता, "तुला मी गारठून मेलेला हवाय!" इतक्या वर्षांच्या संसारात त्याने आवाज चढवल्याचे प्रसंग तिला बोटांवर मोजता आले असते. तिने खिडकी लावली. त्यानंतर दोघांमधलं बोलणं गोळ्या, जेवण आणि बाथरूम एवढ्यावर आलं.

म्हणून त्या दुपारी तो आपणहून काहीतरी म्हणाला याचंच तिला अर्धं आश्चर्य वाटलं होतं.

"अहो, खाली मिस्टर लिम राहतात," ती हळूच म्हणाली.

"ते मला माहीत आहे." त्याने तिच्याकडे पाहिलं. डोळे अगदी ताळ्यावर होते. "मी वेडा नाही झालेलो. जुनी फरशी आहे, खालच्या सिमेंटच्या मसाल्याची पकड सुटली असेल. पण दिसतं कसं बघ. फ्रीजर रूमची जमीन अशीच उचलते."

मग त्याने तिला समजावून सांगितलं. फ्रीजर खोलीची थंडी हळूहळू जमिनीत उतरते. मातीतली ओल गोठते, फुगते आणि वरची काँक्रीटची जमीन उखडून टाकते. म्हणून तशा खोलीच्या जमिनीखाली गरम वायरींचं जाळं घालतात. वर उणे पंचवीस आणि खाली ऊब. "या उकाड्याच्या गावात मी आयुष्यभर जमिनीखाली हीटर घालत आलो," तो म्हणाला. तीस वर्षं ती त्याची बायको होती आणि हे तिने आज पहिल्यांदा ऐकलं होतं. तिला एवढंच माहीत होतं की तो खोल्या थंड करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कागद आणि पेन्सिल मागितली.

फरशी बदलावी लागणार हे उघड होतं. घर तीस वर्षांचं झालं होतं. बाकीच्या खोल्यांतही चालताना पोकळ आवाज यायचा. उखडलेल्या ओळीला ठेचकाळून चंद्रशेखर पडला असता तर पुन्हा हॉस्पिटल. अवनीने एका ओळखीच्या कंत्राटदाराचा नंबर दिला. मिस्टर टे आले, साठीचे, पायात रबरी चपला, कानाला पेन्सिल. त्यांनी वाकून फरशीवर टिचक्या मारल्या आणि म्हणाले, "आंटी, ऑल मस्ट हॅक. या खोलीतली सगळी काढावी लागणार."

चंद्रशेखरने कागद पुढे केला. उजव्या हाताने, पट्टी न धरता काढलेल्या नागमोडी रेघा. प्रत्येक दोन रेघांमधलं अंतर लिहिलेलं. पलंगाखाली आणि कपाटाखाली रेघा नाहीत. खिडकीकडच्या खुर्चीपाशी दाट.

मिस्टर टेंनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "हे काय, एअरकॉनचा पाइप?"

"हीटिंग," चंद्रशेखर म्हणाला.

मिस्टर टे हसले. मग त्यांची नजर ब्लँकेटवर गेली, लोकरीच्या मोज्यांवर गेली आणि त्यांचं हसू विरलं. "अंकल, मी चाळीस वर्षं हे काम करतोय. हे कधी केलेलं नाही."

"मी केलंय," चंद्रशेखर म्हणाला. "मी सांगतो."

अवनीला हे कळलं तेव्हा ती ऑफिसातून थेट आली. खांद्यावरची बॅगसुद्धा खाली ठेवली नाही. "बाबा, बी प्रॅक्टिकल. धिस इज सिंगापूर. इथे फ्लोअर हीटिंग कोण लावतं?"

"ज्याला थंडी वाजते तो."

"पण ती थंडी खरी नाहीये, बाबा!"

बोलून गेल्यावर तिची तिलाच जीभ चावावीशी वाटली असावी. चंद्रशेखरने ब्लँकेट छातीपर्यंत ओढलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. सरोजिनी लेकीला दंडाला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"डॉक्टरना विचारू," ती म्हणाली. "ते नको म्हणाले तर मी थांबवते."

पुढच्या आठवड्यात तपासणीची तारीख होतीच. न्यूरॉलॉजीच्या डॉक्टर एक मध्यमवयीन चिनी बाई होत्या, हळू आणि नीट बोलणाऱ्या. चंद्रशेखरला व्यायामाच्या खोलीत नेलं तेव्हा सरोजिनी मागे थांबली आणि तिने विचारलं.

 डॉक्टरांनी टेबलावरच्या कागदावर डोक्याचं एक चित्र काढलं आणि मध्यभागी एक ठिपका दिला. स्ट्रोक इथे झाला. ऊन आणि गार यांची खबर इथून पुढे जाते. ही जागा आता बिघडली आहे, ती न विचारता थंडीचीच खबर देते. पाय थंड नाही, मिसेस कारखानीस. तुम्ही हात लावून पाहिला असेल, तो गरमच लागतो. फरशी कितीही तापवली तरी त्यांना फरक पडणार नाही.

"त्यांच्या नोकरीमुळे झालं का? इतकी वर्षं त्या फ्रीजरमध्ये..."

"नाही. त्याचा काही संबंध नाही." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "यावर गोळ्या आहेत. मी दोन वर्षं सांगतेय. सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण घेऊन बघायला हव्यात. ते घेत नाहीत."

ते सरोजिनीला ठाऊक होतं. गोळ्यांच्या डबीतल्या कागदावर 'डिप्रेशन' हा शब्द वाचून त्याने ती डबी कचऱ्यात टाकली होती. मला थंडी वाजते, मी मनाने आजारी नाही, असं तो म्हणाला होता.

"आणि एक," डॉक्टर म्हणाल्या, "त्या पायाला चटका बसला तर त्यांना कळणार नाही. तुम्ही हे करणारच असाल तर जमीन जास्त तापता कामा नये. रोज पाय बघायचा."

घरी येताना टॅक्सीत चंद्रशेखरने विचारलं, "काय म्हणाल्या?"

सरोजिनी खिडकीबाहेर बघत होती. बाजूला बसलेल्या माणसाच्या मांडीवर वही होती. पंधरा दिवसांपूर्वी हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. आता सकाळी सहाला उठत होता, पट्टी मागत होता, चष्मा पुसून दे म्हणत होता. काल जेवताना त्याने तिला कोबा आणि फरशीचा मसाला यांतला फरक सांगितला होता आणि सांगता सांगता भात मागून घेतला होता.

"जास्त गरम करायची नाही म्हणाल्या," ती म्हणाली. "आणि पाय रोज तपासायचा."

हे खरंच होतं. उरलेलं तिने सांगितलं नाही.

अवनीला मात्र तिने सगळं सांगितलं.  अवनी फोनवर म्हणाली, "आई, उपयोग नाही हे माहीत असताना तू करणार? लावल्यावर त्यांना कळेल तेव्हा?"

"तेव्हा मी असेन ना इथे," सरोजिनी म्हणाली. त्या दिवसापासून तिला धड झोप लागली नाही.

मार्चमध्ये काम सुरू झालं. लिफ्टपाशी आवाजाची नोटीस लागली. खोलीतलं सामान हॉलमध्ये आलं, पलंग टीव्हीसमोर आला, सगळीकडे जुन्या चादरी पसरल्या. दोन दिवस ड्रिलचा असा आवाज चालला की एकमेकांशी खुणांनी बोलावं लागे. पांढरी धूळ भांड्यांवर, देवांवर, केसांत. चंद्रशेखर दारात खुर्ची टाकून, तोंडाला रुमाल बांधून बसलेला. जुनी फरशी निघाली, तिच्याखालचा कोबाही निघाला. नवे थर चढल्यावर दारापाशी उंबरठा तयार होऊ द्यायचा नव्हता. त्याचा डावा पाय नखभर उंचवट्यालाही अडखळायचा. मिस्टर टेंचा माणूस म्हणाला, पाच मिलिमीटर वर राहिलं तर काय होतं? चंद्रशेखर उठला, काठी टेकत दारापर्यंत चालत गेला आणि आपला पाय कसा फरफटतो ते त्याला दाखवलं. त्या माणसाने निमूटपणे पुन्हा ड्रिल उचललं.

वायरींची जाळी प्रबोधने मागवली. प्रबोध हा चंद्रशेखरच्या हाताखाली तयार झालेला इंजिनिअर, क्लेमेंटीला राहायचा. आता तोच कोल्ड स्टोरेज कंपनीत मोठ्या जागेवर होता. खोकं स्वतः उचलून तो नवव्या मजल्यावर आला, बूट काढून उघड्या काँक्रीटवर गुडघे टेकून बसला.

"सर, अंतर किती धरू?"

"कागदावर लिहिलंय. वाच."

"वाचलं, सर. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

चंद्रशेखर हसला. तो हसला की तोंडाची एकच बाजू वर जायची, हे सरोजिनी विसरूनच गेली होती. संध्याकाळपर्यंत तो दारातून सूचना देत राहिला आणि प्रबोध जाळी अंथरत राहिला. इलेक्ट्रिशियनने येऊन जोडणी तपासली. मग वरून पातळ मसाल्याचा थर, त्यावर फिकट करड्या रंगाच्या फरश्या. मिस्टर टे निघताना म्हणाले, "अंकल, लगेच लावू नका हं. ओल आहे."

"एकवीस दिवस," चंद्रशेखर म्हणाला.

"येस ला, बॉस," मिस्टर टे आपल्या सिंगापुरी ढंगात म्हणाले आणि त्यांनी त्याच्याशी हात मिळवला.

ते एकवीस दिवस चंद्रशेखर कॅलेंडरवर खुणा करत होता. बाविसावा दिवस रविवार होता. अवनी, जावई, नात, प्रबोध, सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. पण शुक्रवारी सकाळी आंघोळ झाल्यावर तो सरोजिनीला म्हणाला, "दोन दिवस कमी भरले तरी चालतील. पाहुण्यांसमोर पहिल्यांदा मशीन लावायचं नसतं. आधी आपण बघून घेऊ."

त्याने जुन्या बॅगेतून तापमान मोजायचं यंत्र काढायला सांगितलं. लांब वायर, टोकाला बटणाएवढी चकती. खिडकीपाशी खुर्ची ठेवली. खोलीत एकोणतीस अंश, फरशी अठ्ठावीस. भिंतीवरचा खटका त्याने स्वतः दाबला. डॉक्टरांनी जास्त तापवू नका म्हटलं होतं, म्हणून आकडा तेहतीसच लावला होता.

अर्धा तास दोघं बसून होते. बाहेर खाली शाळेची बस थांबली आणि गेली. सरोजिनीच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तो दर पाच मिनिटांनी आकडा सांगायचा, ती वहीत लिहायची. एकोणतीस. तीस. एकतीस. तेहतीस झाले.

"मोजे काढ," तो म्हणाला.

तिने गुडघे टेकून त्याच्या दोन्ही पायांचे मोजे काढले. वरचे, मग आतले. डावा पाय पांढरा पडला होता, सुरकुतलेला, पाण्यात राहिल्यासारखा. तिने तो हातात धरून फरशीवर ठेवला. मग उजवा ठेवला.

त्याने डोळे मिटले. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत खाली तशीच बसून राहिली. तिच्या स्वतःच्या पोटऱ्यांना फरशीची ऊब लागत होती, उन्हात तापलेल्या ओट्यासारखी.

बराच वेळ गेला. "उजव्याला गरम लागतंय," तो म्हणाला. "चांगलं गरम."

"आणि डाव्याला?"

 ती चकती त्याने उजव्या पायाखाली सरकवायला सांगितली. तेहतीस. डाव्या पायाखाली. तेहतीस. पाय बदलून ठेवले, डावा उजव्याच्या जागी. पुन्हा तेहतीस. त्याने आपला उजवा तळहात डाव्या पावलावर ठेवला आणि ठेवूनच राहिला, जणू दुसऱ्या कुणाचा पाय तपासतोय.

"हाताला गरम लागतोय," तो म्हणाला. "आणि पायाला बर्फ. एकच पाय." मग खूप हळू: "म्हणजे वारा कुठूनच येत नव्हता."

सरोजिनीने मान हलवली.

"तू खिडक्या लावलेल्या होत्यास."

"हो."

"रोज."

"हो, अहो."

त्याचा चेहरा आक्रसला. तो रडेल असं तिला वाटलं, पण तो नुसता श्वास घेत राहिला, तोंड उघडं टाकून. मग त्याने खटक्याकडे बोट केलं. तिने उठून तो बंद केला. परत येऊन बसली तेव्हा त्याने विचारलं, "तुला माहीत होतं?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती. ती तिने घेतली नाही. "डॉक्टर म्हणाल्या होत्या. फरक पडणार नाही असं."

"कधी?"

"कामाच्या आधी."

"आणि तू मला करू दिलंस." त्याचा आवाज चढला. "मिस्टर टे, प्रबोध, सगळ्यांना मी नाचवलं. तू गंमत बघत बसलीस? वेड्याला खेळणं दिलंस?"

"गंमत नव्हते बघत." तिनेही आवाज चढवला. "दोन वर्षं तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडला होतात. मी या घरात एकटी राहत होते. तुम्ही कागद मागितलात त्या दिवसापासून माझ्याशी बोलायला लागलात. मला ते हवं होतं. डॉक्टरांचं म्हणणं मी तुम्हाला सांगायला हवं होतं, मला कळतं ते. पण मला ते हवं होतं."

  त्या दुपारी तो जेवला नाही, संध्याकाळी थोडा दहीभात खाल्ला. शनिवारी दिवसभर तो त्या खोलीत गेलाच नाही, हॉलमध्ये बसून राहिला. सरोजिनीने रविवारचं जेवण रद्द करायचा फोन लावला, तेव्हा त्याने हात वर करून नको म्हटलं.

रविवारी सगळे आले. नातीने नव्या फरशीवर लोळून घेतलं. प्रबोधने मोठ्या उत्साहाने विचारलं, "सर, कसा काय परफॉर्मन्स?"

चंद्रशेखर खुर्चीत ताठ बसला. "सिस्टीम उत्तम आहे. सेट केला तोच आकडा येतो, पूर्ण खोलीत अर्ध्या अंशाचाही फरक नाही. तू जाळी नीट घातलीस." मग तो थांबला. "बिघाड जमिनीत नव्हता. बिघाड माझ्यात आहे. ते आता मोजून झालं."

 अवनी उठून त्याच्याजवळ गेली आणि खाली बसून तिने त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं, डाव्या गुडघ्यावर. "सॉरी, बाबा," ती म्हणाली. त्याने उजव्या हाताने तिच्या केसांवरून हात फिरवला. "तू बरोबर बोलली होतीस," तो म्हणाला. "फक्त एक. थंडी खरी आहे, बेटा. मला ती खरीच लागते. तिचं कारण खोटं होतं."

ते सगळे गेल्यावर त्याने सरोजिनीला त्या गोळ्यांबद्दल विचारलं. कोणत्या, किती, किती दिवस. पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर तो आपली वही घेऊन बसला. दोन्ही पायांचे आकडे त्यांना दाखवले. डॉक्टरांनी ते पान लक्षपूर्वक वाचलं आणि त्याची एक प्रत काढून ठेवायची परवानगी मागितली. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर जुना अभिमान आला.

पहिल्या गोळीने नुसती झोप येत राहिली. तोंड कोरडं पडायचं, उठलं की चक्कर. ती बदलली. दुसऱ्या गोळीने दोन महिन्यांनी मांडीतली थंडी कमी झाली, गुडघ्याखालची राहिली. ती कधी गेली नाही. पण भाजणं थांबलं. आता नुसतं गार लागतं, तो म्हणायचा, थंड पाण्यात उभं राहिल्यासारखं. दोन मोज्यांचा एक मोजा झाला. जुलैच्या एका सकाळी त्याने स्वतः काठीने हॉलची खिडकी ढकलली आणि सरोजिनीला म्हणाला, "इथे बस. वारा घे." ती बसली. खिडकीवरून झालेल्या त्या ओरडण्याबद्दल दोघांपैकी कुणी अक्षर काढलं नाही. तिला वाटलं होतं, तो माफी मागेल, निदान तो प्रसंग काढेल. पण त्याने तो काढला नाही, आणि काही दिवसांनी तिने वाट बघणं सोडून दिलं.

जमिनीखालची वायर पुन्हा कधी चालू केली गेली नाही. भिंतीवरच्या खटक्यावर तिने एक चिकटपट्टी लावली, नातीचा हात लागू नये म्हणून.

सगळं मार्गी लागल्यासारखं झालं आणि मग, ऑगस्टमध्ये एका सकाळी, सरोजिनी धुतलेल्या चादरींच्या घड्या करत असताना तिला रडू फुटलं. कारण काहीच नव्हतं. चंद्रशेखर हॉलमध्ये पेपर वाचत होता, अवनीचा नुकताच फोन येऊन गेला होता, सगळं ठीक होतं. ती पलंगावर बसली आणि चादरीत तोंड खुपसून रडत राहिली. स्ट्रोकच्या दिवशी ती रडली नव्हती. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये, हॉस्पिटलच्या बाकावर, त्याला पहिल्यांदा बाथरूममध्ये धरून नेताना, कधीच नाही. तेव्हा वेळ नव्हता.

काठीचा आवाज दारापर्यंत आला आणि थांबला. चंद्रशेखरने काय झालं असं विचारलं नाही. तो येऊन तिच्या शेजारी बसला, आणि दोघांच्या मध्ये पडलेल्या चादरीची कडा त्याने एका हाताने सरळ केली. खूप वेळाने म्हणाला, "तू बस. चहा मी करतो."

"नको. तुम्हाला जमणार नाही."

"बस म्हटलं ना."

तो गेला. तिला एकेक आवाज ऐकू येत होता. नळ. पातेलं ओट्यावर ठेवल्याचा. लायटर तीनदा वाजला, चौथ्यांदा पेटला. चहाच्या डब्याचं झाकण निघेना, तो त्याच्यावर काहीतरी पुटपुटला. मग डबा पडला. ती उठायला निघाली आणि पुन्हा बसली. दूध उतू गेल्याचा वास आला. अर्धा तास झाला असेल. तिने चादरीने डोळे पुसले, उरलेल्या घड्या केल्या.

"सरोज!" त्याने हाक मारली. "चहा झालाय. पण मला तो तिकडे आणता येणार नाही. तू ये इकडे."

ती गेली. ओटाभर चहापूड सांडली होती, शेगडीवर दुधाचा पापुद्रा करपला होता. दोन कप भरलेले होते, एक जरा ओसंडलेला. तो ओट्याला पाठ टेकून उभा होता, काठी कोपऱ्यात ठेवून, काठीशिवाय. तिने कप उचलला आणि त्याच्या शेजारी तशीच उभी राहून चहा प्यायली. साखर फार झाली होती. ते तिने त्याला सांगितलं.

"उद्या कमी घालतो," तो म्हणाला.